पित्ताचा राग डाळीवर कशाला?

सकाळी उपाशीपोटी दोन चहा, अकराला वडापाव, दुपारचा डबा निम्मा परत, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री उशिरा चौपाटीवर जे मिळेल ते. मग छातीत जळजळ, करपट ढेकर आणि मेडिकलमधून गोळी. साताऱ्यात खोली घेऊन राहणाऱ्या किंवा सांगलीत विश्रामबागला कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे टाइमटेबल पाठ असतं. आता त्यावर रीलवाल्यांचं औषध आलंय: ‘ॲसिडिक’ पदार्थ बंद करा, शरीर ‘अल्कलाइन’ करा.

त्यांची यादी एकदा नीट वाचा. डाळ, अंडी, चिकन, शेंगदाणे, भात, चपाती, सगळं आम्ल तयार करणारं म्हणून बाद. मग पहाटे ग्राउंडवर धावून पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी खायचं काय? मेसच्या ताटात प्रोटीन म्हणावं असं जे थोडंफार असतं, ते नेमकं याच यादीत आहे. म्हणून ही यादी मला नुसती चुकीची नाही, आपल्याला महागात पडणारी वाटते.

गंमत म्हणजे ती अगदीच हवेतून आलेली नाही. कोणता पदार्थ पचल्यावर मूत्रपिंडावर किती आम्लाचा भार टाकतो, याचा तक्ता थॉमस रेमर आणि फ्रीडरिक मान्झ या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडला. चीज, मांस, अंडी, धान्यं आम्लाच्या बाजूला. फळं आणि भाज्या अल्कलीच्या बाजूला. पण हा हिशोब पचनानंतरचा आहे, लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या आम्लाचा. पोटातल्या जळजळीशी त्याचा संबंध नाही. चवीला आंबटढाण लिंबू या तक्त्यात अल्कलीच्या बाजूला बसतं, यावरूनच काय ते समजा. आणि पालकाच्याही पुढे कोण आहे माहितीये? बेदाणा! शंभर ग्रॅम पालकाला उणे १४, बेदाण्याला उणे २१. तासगावकरांनी कॉलर जरूर ताठ करावी. पण मूठभर बेदाण्यांनी रात्रीची भजी धुऊन निघणार नाहीत.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये राहतो. तो सांभाळायला फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास ड्युटीवर असतात. तुम्ही खर्डा खा नाहीतर काकडी, निरोगी माणसात तो आकडा जागचा हलत नाही. जठरात तर आम्ल लागतंच, त्याशिवाय अन्न पचणार कसं? अल्कलाइन पाण्याची महागडी बाटली तिथं पोचली की तिचा अल्कलाइनपणा तिथंच संपतो. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टर कधीकधी आम्लाचा भार कमी करणारा आहार सुचवतात, तोही पोटॅशियम तपासून. ती गोष्ट वेगळी.

मग आपली जळजळ कशाची? अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येतं. भरल्या पोटी लगेच आडवं होणं, तळकट, चहा-कॉफीचा मारा, सिगारेट, मावा. कमी करायचं तर हे करा. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. भडंग सोडा असं सांगलीकराला सांगायची माझी हिंमत नाही, पण रात्री एकला अभ्यासिकेत पुडा फोडण्यापेक्षा संध्याकाळी पाचला फोडा की!

गोळीचंही तेच. पॅन्टोप्रॅझॉल सकाळी खाण्याआधी अर्धा तास, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस घ्यायची गोळी आहे. आपण ती पेपरमिंटसारखी खातो. वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी पडू शकतं आणि एकदम सोडली की आम्ल उसळतं, म्हणजे परत गोळी. महिनोन्‌महिने त्रास हटत नसेल तर जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूही असू शकतो. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. त्यावर इलाज अँटिबायोटिकच्या कोर्सचा आहे, काकडीच्या रसाचा नाही. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर रील बंद करा आणि दवाखाना गाठा. मिरज काय लांब आहे का?

बाकीच्यांनी एक करून बघा. अभ्यासिकेतून उठायचं दहाला, म्हणून मेसचं ताट सव्वादहाला आणि अकराला झोप, हे आधी मोडा. मेसच्या काकूंना सगळ्यांनी मिळून सांगा की रात्रीचं साडेसातला वाढा, आम्ही जेवून परत अभ्यासाला जातो. एकट्यादुकट्याचं त्या ऐकणार नाहीत. पंधरा जण एकदम बसणार असतील तर ऐकतील. दहापर्यंत तवा तापवत बसायचा त्यांचाही वैताग वाचतो.