ठणकतंय की चुरचुरतंय?

शाळेच्या व्याकरणात कुरकुर, गुरगुर, खळखळ या सगळ्यांवर एकच शिक्का : अनुकरणवाचक. म्हणजे आवाजाची नक्कल. मग मला सांगा मंडळी, ठणक्याचा आवाज कुणी ऐकलाय? झिणझिण्यांचा? मळमळीचा?

जपानी लोक इथे शहाणे. आवाजाचे शब्द ते गिओंगो, बिनआवाजी अवस्थांचे गिताइगो. त्यांचं किराकिरा म्हणजे चांदण्यांची लुकलुक, गिरागिरा म्हणजे डोळ्यांना खुपणारा झगमगाट. 'क'चा 'ग' झाला की डोळे दिपतात. आपल्याकडे कुरकुरणारं पोर आणि गुरगुरणारं कुत्रं यांतही तोच फरक!

आमच्या लांज्याची म्हातारी दवाखान्यात सांगते, "गुडघा ठणकतोय, टाच चुरचुरतेय, पायाला झिणझिण्या येतायत." केसपेपरवर उतरतं एवढंच : 'पेन'. ठणका आतला, चुरचुर कातडीची, झिणझिण्या नसांच्या. तिनं वेगळं करून दिलेलं आपण पुन्हा एकत्र कालवतो, वर तिच्या बोलण्याला गावंढळ म्हणतो.

रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये कॅनडात दुखण्याच्या अशाच शब्दांची प्रश्नावली केली. ती जगभर चालते. मग म्हातारीचेच शब्द का नकोत? 'पेन' लिहायचंच तर लिहा, पण शेजारी तिचा शब्दही लिहा.