कारखान्याची तपासणी कामगाराला विचारून व्हावी

संपादक महाशय,


सुरक्षा सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या अंकात प्रसिद्ध झालेल्या लेखात एका अनुभवी कारखानदाराने म्हटले आहे की, आरोग्य, सुरक्षा व पर्यावरण यांविषयीच्या कायद्यांनी लादलेल्या नोंदवह्या, विवरणपत्रे आणि दाखले यांचा भार लहान उद्योगास असह्य झाला असून, इतके सर्व करूनही जे अपघात होतात त्यांचे मूळ बहुधा कामगाराच्या निष्काळजीपणात असते. पहिले गाऱ्हाणे मी समजू शकतो. रासायनिक कारखान्यांत सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करताना त्या नोंदवह्या मीच भरल्या आहेत. दुसऱ्या विधानाचा मात्र मला प्रतिवाद करावयाचा आहे. धोका कोठे आहे हे ज्याला सर्वांआधी कळते तोच बेसावध ठरविला, म्हणजे त्याचे ऐकण्याची जबाबदारी आपोआप संपते. आणि आपल्या सुरक्षाव्यवस्थेचा मुख्य दोष माझ्या मते हाच आहे की, तिच्यात दप्तराची कसून तपासणी होते, पण कामगाराला कोणी काही विचारीत नाही.

टाकीच्या सफाईचेच पाहा. जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन आत घातक वायू नसल्याचा लेखी दाखला दिल्याखेरीज, अथवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून, कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिल्याखेरीज, कोणासही बंदिस्त टाकीत उतरवू नये, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 36 निःसंदिग्धपणे सांगत आले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी टाकीत उतरण्याचे परमिट सकाळी एकदा भरले जाते व त्याच्या आधारावर दिवसभर काम चालते. दुपारी शेजारच्या लाइनीतून टाकीत काय आले याची खातरजमा कोणी करीत नाही. उतरणारा माणूस ठेकेदाराचा असतो. टाकीत काल कोणता माल होता हे त्याला ठाऊक नसते, आणि विचारण्याची त्याची प्राज्ञा नसते, कारण उद्या गेटपास मिळणार की नाही हे त्याच्या मुकादमाच्या हाती असते. एक जण आत कोसळतो, त्याला काढण्यासाठी दुसरा तसाच धावतो, दोघेही जातात, आणि चौकशीअंती कसूर मृतांच्या माथी मारली जाते. चाचणी घेतली नाही ती मालकाच्या व्यवस्थेने. तिचा उल्लेख अहवालात शोधावा लागतो.

भोपाळच्या वायुगळतीचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. 1981 च्या अखेरीस तेथील कारखान्यातील एक कामगार फॉस्जीन वायूने मृत्युमुखी पडला. कामगार संघटनेने त्यानंतर धोक्याविषयी जाहीर इशारे दिले. ते ऐकले गेले नाहीत. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री मिथिल आयसोसायनेटची टाकी तापली तेव्हा शीतकरणाची यंत्रणा बंद होती, सुटलेला वायू जाळणारा ज्वालास्तंभ नादुरुस्त होता, आणि पहाटेपर्यंत रुग्णालयात लोटलेल्या हजारोंना नेमके कशाने ग्रासले आहे हे डॉक्टरांना सांगण्यास कोणी पुढे आले नाही. या अनुभवातूनच 1987 साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. धोक्याची संपूर्ण माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही देणे मालकावर बंधनकारक झाले. प्राणघातक संकट समोर दिसत असेल तर कामगाराने मालकाबरोबर निरीक्षकालाही कळवावे, आणि मालकाला ते न पटल्यास त्याने तो मामला तत्काळ निरीक्षकाकडे सोपवावा, असा हक्क कामगाराला मिळाला. इतक्या मोठ्या मनुष्यसंहाराची किंमत देऊन मिळालेला हा हक्क बजावलेला कामगार मला माझ्या नोकरीच्या काळात भेटला नाही. हा हक्क आपल्याला आहे, एवढेही बहुतेकांना कोणी सांगितलेले नव्हते.

कारखान्याबाहेर स्थिती निराळी नाही. 2016 आणि 2024 या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले, माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. मधल्या काळात, 2020 मध्ये, तेथील एक रस्ता रसायनाने गुलाबी झालेला सर्वांनी पाहिला. दर वेळी कारखान्यांच्या स्थलांतराची चर्चा होते. परंतु भिंतीपलीकडे काय साठविले आहे व भोंगा वाजल्यास कोणत्या दिशेने पळावे, हे शेजारच्या इमारतीतील गृहिणीला कायद्याबरहुकूम कोणी सांगितले, याची चर्चा होत नाही.

सुरक्षेचे हे सारे नियम म्हणजे उद्योगावर परक्या विचाराने लादलेले ओझे आहे, असा जो सूर त्या लेखात आहे, त्याचे मला विशेष दुःख झाले. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जे निवेदन सिद्ध केले, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबरच अशीही मागणी होती की, कामावर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि जन्माचा अधू झालेल्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. त्या निवेदनाखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आपल्याच मातीतील माणसांनी आपल्याच अनुभवावरून ही मागणी केली होती.

आरोग्याचा प्रश्न तर अपघाताहूनही अधिक दुर्लक्षित आहे, कारण फुप्फुसात हळूहळू साचणारी धूळ अपघातांच्या नोंदवहीत कधीच येत नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली आदेश दिला की, प्रत्येकाची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान 40 वर्षे, अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. ज्याचा ठेकेदार वरचेवर बदलतो व ज्याच्या हाती नेमणुकीचा कागदही नसतो, त्याची नोंद चाळीस वर्षे कोण जपणार?

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने नेमणूकपत्र बंधनकारक केले आहे, माहितीचा व इशाऱ्याचा हक्क कायम ठेवला आहे, आणि निरीक्षकाला सुविधाकाराचीही भूमिका दिली आहे. नोंदवह्या निम्म्या करावयाच्या असतील तर खुशाल कराव्यात. पण त्याच्या बदल्यात राज्याच्या नियमांत अशी तरतूद असावी की, प्रत्येक तपासणीत निरीक्षकाने रातपाळीचे आणि ठेकेदाराचे काही कामगार व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत भेटावेत. आपण हाताळतो ते रसायन कोणते, ते अंगावर उडाल्यास प्रथम काय करावे, आणि काम धोक्याचे वाटल्यास कोणाला कळवावे, एवढे त्यांना त्यांच्या भाषेत विचारावे. आणि उत्तरे नावांशिवाय तपासणी अहवालात नोंदवावीत. तोपर्यंत आपल्या लेखक महाशयांनी हेच तीन प्रश्न स्वतःच्या कारखान्यात, टाकी साफ करणाऱ्या माणसाला विचारून पाहावेत आणि मिळालेली उत्तरे आपल्या अंकातून वाचकांना कळवावीत, अशी त्यांना माझी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी
अंबरनाथ