हरायला तरी मैदान द्या!

बऱ्हाणपूरला आलेल्या पाहुण्याला आपण हमखास एका बाईची गोष्ट सांगतो. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल इथे गेली, तापीपलीकडे आहुखान्यात तिला तात्पुरते पुरले, पुढे आग्र्याला नेले आणि तिच्यासाठी ताजमहाल उभा राहिला. गोष्ट खरी आहे आणि सांगण्यासारखीही आहे. पण जरा थांबून विचार करावा. आपल्या शहराच्या सर्वांत प्रसिद्ध बाईने इथे केले काय? तर ती मेली. जवळजवळ चारशे वर्षे आपण तिच्या मरणावर मिरवत आहोत. धावणाऱ्या, घामाघूम झालेल्या, मैत्रिणीला हाक मारून चेंडू मागणाऱ्या जिवंत पोरीची गोष्ट सांगायची आपल्याला सवयच नाही.

म्हणून आज मुलींच्या फुटबॉलविषयी लिहितो आहे. काही वाचक हसतील. दिवाळी अंकात फुटबॉल, आणि तोही मुलींचा! कविता, कथा, केळीचे भाव आणि वार्षिक राशिभविष्य यांच्या रांगेत हे कुठून आले? हसावे, पण लेख पुरा वाचून हसावे.

गोष्ट अमेरिकेतली आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात चॅपेल हिल आणि डरहॅम ही दोन गावे आहेत. अंतर जेमतेम १५-१६ किलोमीटर. चॅपेल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, डरहॅमला ड्यूक विद्यापीठ. या दोघांचे क्रीडांगणावरचे वैर त्या देशात प्रसिद्ध आहे; शेजाऱ्याचे शेजाऱ्याशी असते तसे, जुने आणि जिव्हाळ्याचे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये महाविद्यालयीन मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना याच दोन संघांत झाला, तोही चॅपेल हिललाच. नॉर्थ कॅरोलिनाकडून मिया हॅम नावाची वीस वर्षांची मुलगी खेळत होती. तिने त्या सामन्यात तीन गोल केले आणि तिच्या संघाने ड्यूकला ९-१ असे हरवले. अंतिम सामन्यात, शेजाऱ्याच्या अंगणात, नऊ गोल! पुढे याच मिया हॅमने देशासाठी १५८ गोल केले आणि जगभरच्या मुलींनी तिची चित्रे भिंतीवर लावली.

इथवरची गोष्ट कोणीही सांगेल. आपल्या वर्तमानपत्रांना, सत्कार समित्यांना आणि पाहुण्यांना इथवरचीच गोष्ट आवडते. एक असामान्य मुलगी, एक असामान्य दिवस, टाळ्या, शाल, श्रीफळ. माझे भांडण याच आवडीशी आहे. माझा प्रश्न मिया हॅमविषयी नाहीच. माझा प्रश्न असा, की नऊ गोल खाल्लेल्या त्या ड्यूकच्या मुलींचे पुढे काय झाले?

आपल्याकडे काय झाले असते ते सांगायला ज्योतिषी नको. नऊ गोलांनी हरलेला मुलींचा संघ दुसऱ्या वर्षी उभाच राहिला नसता. ‘पोरींनी कॉलेजची अब्रू घालवली’ असे एकाने म्हटले असते, ‘मी आधीच सांगितले होते’ असे दुसऱ्याने. चेंडू कपाटात गेला असता, कपाटाला कुलूप लागले असते आणि किल्ली शिपायाबरोबर सेवानिवृत्त झाली असती.

ड्यूकमध्ये तसे झाले नाही. मुलींचा संघच तिथे १९८८ साली सुरू झालेला. म्हणजे तो पोरसवदा संघ होता. तो मोडला नाही. पुढच्या वर्षी त्याच शेजाऱ्याविरुद्धचा सामना पुन्हा वेळापत्रकात होता, त्याच्या पुढच्या वर्षीही होता. आणि १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये याच ड्यूकने याच नॉर्थ कॅरोलिनाला ३-२ असे हरवले. त्याआधी नॉर्थ कॅरोलिनाच्या मुली सलग १०१ सामने हरल्या नव्हत्या. एकशे एक! ती माळ तोडली कोणी? दोन वर्षांपूर्वी नऊ गोल खाणाऱ्या शेजारणींनी. मिया हॅम तोवर शिक्षण संपवून बाहेर पडली होती, हे खरे. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपदही अखेर नॉर्थ कॅरोलिनानेच घेतले, हेही खरे. पण ९-१ पासून ३-२ पर्यंतचा जो प्रवास आहे, तोच खेळ. बाकीची सारी बक्षीस-समारंभाची गडबड.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. मुलींना जिंकण्याचे कौतुक नको आहे, त्यांना हरण्याचा हक्क हवा आहे. हरून पुन्हा त्याच मैदानात, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहण्याचा हक्क. मुलांना तो जन्मतःच मिळतो. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे फुटबॉलचे सामने शाहू स्टेडियमवर होतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. आज हरलेली पेठ उद्या मंडळ बंद करते काय? उलट हरल्याचा सल वर्षभर जपते आणि पुढच्या हंगामात दुप्पट जोराने येते. त्या सलावरच कोल्हापूरचा फुटबॉल पोसला गेला. मुलीच्या मनात असा सल राहू द्यायला मात्र आपण तयार नाही. ‘जाऊ दे बाई, तुझे ते काम नव्हे’, हे आपले सांत्वन! ते मायेचे वाटते. खरे तर ती हकालपट्टी असते.

‘अमेरिकेचे सोडा हो, ते श्रीमंत लोक,’ असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेतही हे आभाळातून पडले नाही. १९७१-७२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार, आणि मुले ३६ लाखांहून अधिक. श्रीमंती तेव्हाही होतीच! १९७२ च्या जूनमध्ये त्या देशाने शिक्षणाच्या कायद्यात एक छोटे कलम घातले. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला केवळ लिंगावरून कोणाला शिक्षणातून वा उपक्रमातून वगळता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण त्याचा आधार घेऊन मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी मैदाने मागितली, प्रशिक्षक मागितले, वेळापत्रक मागितले. १९७९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात मुलींचा संघ झाला, १९८२ मध्ये महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. मिया हॅमचा जन्म १९७२ च्या मार्चमधला. ती आणि तो कायदा बरोबरीने वाढले. कायदा नसता तर तीही कदाचित कुठल्या तरी मैदानाच्या कडेला भावाची पिशवी सांभाळत बसली असती.

दुसरा आक्षेप असा, की मुलींचा खेळ बघायला येते कोण? याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे आणि ते लाजिरवाणे आहे. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक-कर कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना झाला. प्रेक्षक होते ५३ हजार. म्हणजे माणसे येत होती. भरपूर येत होती. मग पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी केली. हा खेळ स्त्रीदेहाला सोसत नाही, असे कारण दिले. ती बंदी उठायला जवळजवळ अर्धे शतक गेले. आधी मैदान काढून घ्यायचे, पन्नास वर्षे कुलूप लावायचे आणि मग विचारायचे, ‘बायकांच्या खेळाला प्रेक्षक का नाहीत?’ आपल्याकडे असा लेखी ठराव कोणी केला नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: आपल्या मुलींना हे जमत नाही. १९८० च्या जानेवारीत कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या होत्या. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या. त्यानंतरच्या दशकांत इतर देश पुढे गेले आणि आपण मागे पडलो. मुलींचे पाय तेच होते, त्यांच्या पायांखालचे सामने कमी पडले. तरीही ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमध्ये, थायलंडच्याच संघाला २-१ असे हरवून आपल्या मुलींनी आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. आणि चुरशीने काय होते ते पाहायचे तर आपला खोखो घ्या. पुणे, ठाणे, धाराशिव यांच्या मुली वर्षानुवर्षे एकमेकींशी झुंजत आल्या. हरल्या, रडल्या, पुन्हा आल्या. त्या मातीतून पुढे आलेल्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला विश्वचषक जिंकला. तो चषक दिल्लीत मिळाला, पण कमावला गेला तो जिल्ह्याजिल्ह्यांच्या मैदानांवर.

आता आपल्या दाराशी येऊ. आपण सीमेवरची माणसे. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, रावेर महाराष्ट्रात; मध्ये काय आहे? केळीचे मळे आणि एक पाटी. केळीचा ट्रक सीमा ओलांडतो, लग्नाचे वऱ्हाड ओलांडते, कीर्तनकार ओलांडतो, दिवाळी अंकही ओलांडतो. मुलीसुद्धा सीमा ओलांडतात, सासरी जाण्यासाठी! रावेर, यावल, भुसावळच्या किती लेकी बऱ्हाणपुरात नांदतात आणि बऱ्हाणपूरच्या किती तिकडे, याची मोजदाद नाही. सोयरीक सीमेपलीकडे करताना आपल्याला परके राज्य आठवत नाही. मात्र याच मुली चेंडू घेऊन पलीकडे जाऊ म्हणाल्या, की आपल्याला नियम, परवानगी, जबाबदारी आणि काळोख हे सारे एकदम आठवते.

त्यातून विद्यापीठांची गंमत पाहा. बऱ्हाणपूरची महाविद्यालये वर्षानुवर्षे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे पाहत आली. २०२४ पासून निमाडसाठी खरगोनचे क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ झाले. पलीकडे जळगावला १९९० मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव दिले. एकीकडे राज्य चालवणारी बाई, दुसरीकडे शेतात राबता राबता ओवी रचणारी बाई. नावे बायकांची, पाट्या सोनेरी! पण रावेरची मुलगी आणि बऱ्हाणपूरची मुलगी मैदानात समोरासमोर यायच्या असतील तर दोघींची आपापल्या विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी लागते, मग कुठल्या तरी लांबच्या शहरात आंतरविद्यापीठ स्पर्धेत त्यांची गाठ पडली तर पडली. चॅपेल हिल आणि डरहॅम यांच्यासारखी शेजारगावे आपल्याकडे आहेत. वैराला लागणारी जवळीक आहे. नाही तो फक्त सामना.

पैशाचे रडगाणे मला कोणी ऐकवू नये. प्रवेशाच्या वेळी मुलीकडून क्रीडा शुल्क घेताना कोणी ते निम्मे घेत नाही. पावती पूर्ण रकमेची फाडली जाते. मग त्या पैशाचा चेंडू कोणाच्या पायाशी जातो, हे विचारण्याचा तिला आणि तिच्या बापाला पूर्ण अधिकार आहे. फुटबॉलला लागते काय? एक चेंडू, सपाट जमीन, चार खांब आणि बावीस जणी. भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गाने सकाळी निघून, सामना खेळून, दिवेलागणीच्या आत घरी परतता येते.

पालकांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पोरगी काळवंडेल, पाय मोडेल, लोक बोलतील, स्थळ फिरेल, या भीतीत जगाचा अनुभव आहे. पण ही भीती एकेकट्या मुलीला पाठवताना असते. गावाचा संघ दरवर्षी जातो, शेजारच्या गावाचा संघ दरवर्षी येतो, बरोबर बाई असतात, सामन्याला आईबाप बसतात, असे झाले की त्याची रीत होते. आणि एकदा रीत झाली की आपल्या समाजात तिला कोणी हात लावत नाही, हे आपण सारेच जाणतो.

म्हणून मागणी साधी आहे. बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ आणि खंडवा इथल्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी विद्यापीठांच्या परिपत्रकाची वाट न पाहता एकमेकांना पत्र लिहावे. दरवर्षी थंडीत मुलींचे दोन सामने व्हावेत, एक आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. निकाल काहीही लागो, पाच वर्षे संघ मोडायचा नाही, हे आधीच लिहून ठेवावे. वर्तमानपत्रांनी निकाल छापावा. नऊ गोलांनी हरलो तर तोही, गोल करणारीच्या आणि गोल अडवणारीच्या नावासह. आणि सत्कारवाल्यांनी शाली जरा आवरून ठेवाव्यात. त्या पैशातून एक जाळे येईल.

मिया हॅम आपल्याकडे निपजेल की नाही, ते मला सांगता येत नाही आणि त्याची मला घाईही नाही. मला घाई आहे ती त्या पहिल्या पराभवाची. रावेरच्या मुलींनी बऱ्हाणपूरच्या मुलींना एकदा सणसणीत हरवावे, आमच्या पोरींनी रागाने दात-ओठ खावेत, आणि परतीच्या गाडीत चढता चढता पलीकडच्या फलाटावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडून सांगावे, ‘पुढच्या वर्षी बघून घेऊ!’ तो पुढचा सामना नक्की ठेवणे, एवढेच आपले काम आहे.