जुनं विमान घेताय? आधी इंधन बघा

आपल्या नागपूर फ्लाइंग क्लबमुळं सेस्ना १५२ हे नाव इथं ओळखीचं. सार्वजनिक पैशातून अशी जुनी विमानं घ्यायची म्हटलं की सगळे किंमत विचारतात. इंजिन कोणतं, ते कोणीच विचारत नाही भाऊ!

जुन्या १५० मध्ये काँटिनेंटलचं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन, कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेलं. १०० एलएलमधलं शिसं त्याच्या प्लगला चिकटायचं. म्हणून १५२ मध्ये लायकमिंगचं ११० चं आलं. तरी तक्रार पुरती गेली नाही, मग १९८३ च्या मॉडेलपासून १०८ चं सुधारित इंजिन. दोन हॉर्सपॉवर कमी, पण मी तेच घेईन.

आता इंधन. हे शिसंवालं पेट्रोल आपण वर्षानुवर्षं आयात केलं. देशी माल २०२२ मध्ये आला, इंडियन ऑइलचा, वडोदऱ्याहून. एटीएफ मात्र मोठ्या विमानतळांवर सहज मिळतं. त्यावर चालणारी डिझेल इंजिनं महाग, शिवाय ठरावीक तास झाले की बहुतेकदा अख्खं इंजिनच बदलायचं. हौशी माणसाला हे परवडायचं नाही. पण कमर्शियल लायसन्ससाठी पोरांना २०० तास उडायचं असतं. पेट्रोलचा टँकर आला नाही म्हणून त्यांनी हँगरमध्ये बसून राहायचं का?