उसाला दर आहे, मग वाऱ्याला का नाही?

केज तालुक्यातल्या एका वाचकाने या आठवड्यात पवनचक्कीच्या करारनाम्याची झेरॉक्स पाठवली. खाली एकच ओळ : ‘तुम्ही म्हणत होतात तेच झालं.’ स्टँप पेपर, नोटरीचा शिक्का, गट नंबर, सगळं अगदी चोख. चक्कीच्या जागेचे पैसे एकरकमी. शेतातून जाणारा रस्ता, खांब आणि तारा यांच्यासाठी मात्र ‘परस्पर संमतीने ठरेल ती रक्कम’. शेजारच्या बांधावर त्याच कामाचे दुप्पट पैसे गेले, कारण त्या घरचा मेहुणा एजंटाच्या ओळखीचा. हे वाचून संताप आला.

केज तालुक्यातल्याच मस्साजोग गावातल्या हत्येपासून हा स्तंभ हेच सांगतो आहे. तिथले सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी तिच्या मुळाशी होती, असं दोषारोपपत्र म्हणतं. गुन्ह्याचा निकाल न्यायालय देईल. पण जिथे दर जाहीर नाही तिथे मध्यस्थ शिरतो आणि मध्यस्थाच्या मागोमाग दांडगाई येते, एवढं समजायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आता उसाकडे बघा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार दर हंगामाला जाहीर करतं. 2025-26 साठी ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. दोन कारखान्यांमधलं अंतरसुद्धा नियमाने ठरलेलं : महाराष्ट्रात 25 किलोमीटर हवाई. कारखाने थकवतात, काटा मारतात, सगळं खरं. तरीही शेतकऱ्याच्या हातात एक आकडा असतो. त्या आकड्यावर तो जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत बोलतो, साखर आयुक्तांच्या दारात बसतो, वाहतूक अडवतो. भांडायला आधी आकडा लागतो.

वाऱ्याच्या धंद्यातही आकडा आहे, फक्त तो शेतकऱ्यापर्यंत येत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये देशातला पवनऊर्जेचा पहिला मोठा लिलाव झाला, तेव्हा युनिटचा दर 3 रुपये 46 पैसे ठरला आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून आला. वीज विकण्याचा दर पैशापर्यंत उघड, आणि ती ज्या शिवारात तयार होते तिथला मोबदला मात्र कानात सांगायचा! तीन मेगावॅटची चक्की वर्षभर सरासरी 30 टक्के क्षमतेने फिरली तर सुमारे 79 लाख युनिट निघतात. त्या जुन्या दरानेही त्यांची किंमत पावणेतीन कोटी रुपयांच्या घरात जाते. युनिटमागे पाच पैसे गावाला द्यायचे म्हटले तरी एका चक्कीमागे वर्षाला चार लाख रुपये होतात. हा भार कंपनी सोसू शकणार नाही, हे मला पटत नाही.

आणि नुसता मोबदला तरी का? प्रवरानगरला 1950 च्या सुमारास शेतकरी साखर कारखान्याचा भागधारक झाला. चक्कीत का होऊ नये? सहकाराचं नाव काढलं की आजकाल लोक नाक मुरडतात, पण डेन्मार्कने कायदाच केला होता. 2009 पासून 2020 पर्यंत नव्या पवनचक्कीचे किमान 20 टक्के समभाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं तिथे बंधनकारक होतं. गावातल्या माणसाचे पैसे ज्या चक्कीत आहेत, तिथे खंडणी मागायला कुणी फिरकणार नाही, असा माझा विश्वास आहे.

चक्क्यांचा प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा प्रश्नही वाचक वारंवार विचारतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2014 मध्ये पवनचक्क्यांजवळच्या 1,238 घरांच्या पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. आवाज वाढतो तसा लोकांना होणारा त्रास, चीड वाढते. आजारांशी मात्र संबंध आढळला नाही. म्हणून रात्री पात्यांच्या घरघरीने वैतागलेल्या म्हातारीला वेड्यात काढू नये. आपल्याकडे 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना घरापासून 500 मीटर अंतर सांगतात. डेन्मार्क चक्कीच्या एकूण उंचीच्या चौपट अंतर मागतो. म्हणजे दोनशे मीटर उंचीला आठशे. आपल्याकडे निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण रात्री दोन वाजता वस्तीवर जाऊन ती मोजणारा माणूस हवा. त्यात हा उद्योग प्रदूषण मंडळांच्या ‘पांढऱ्या’, म्हणजे जवळजवळ प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या गटात, आणि 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीबाहेर. म्हणजे जनसुनावणीही नाही. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात चक्क्या ढग पळवतात ही समजूत वर्षानुवर्षं टिकली ती उगाच नाही. ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात, पण गावाला समोर बसवून कुणी काही सांगितलंच नाही, तर गाव स्वतःच उत्तर शोधणार.

मला पवनचक्क्या हव्या आहेत. म्हणूनच ऊर्जा खात्याने जमीन, रस्ता, खांब आणि तारा यांचे किमान दर दरवर्षी जिल्हावार छापावेत, आणि प्रत्येक करार ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणं सक्तीचं करावं. तोवर ज्यांच्या शिवारात मोजणी चालू आहे त्यांनी एकेकट्याने सही करू नये. ग्रामसभा बोलवा, सगळे करारनामे एका टेबलावर ठेवा आणि ‘परस्पर संमती’च्या जागी रक्कम लिहून घ्या.