सवय होईल, म्हणे!

मंडळी, मागच्या महिन्यात आमच्या वहिनींचा चष्मा करायला बोदवडहून गाडीने बाहेरगावी गेलो होतो. (कुठलं गाव, कुठलं दुकान ते विचारू नका. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच.)

वहिनींचा नंबर उणे सहा, शाळेपासूनचा. दुकानातल्या पोराने त्यांचा जुना चष्मा काढून ठेवला, नवी फ्रेम चढवली आणि आरसा पुढे केला. "बघा काकू, कशी दिसते!" आता बोला. फ्रेममध्ये बिननंबरची काच!

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मले तं आरशात माझं तोंडच दिसत नही."

तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "आई, ही मोठीच घे, लेटेस्ट आहे." पोराने मान डोलावली. झाली निवड! जिच्या नाकावर फ्रेम बसायची, तिला सोडून सगळ्यांनी निवडली. मीही गप्प बसलो, हे कबूल करतो.

चष्मा आला. कडा जाडजूड, वजन भारी. भाकरी थापायला वाकल्या की घसरलाच. तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "सवय होईल काकू."

का व्हावी सवय? चप्पल लागते म्हटलं तर चपलेचा दुकानदार दुसरा जोड काढतो ना? उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. फ्रेम जितकी मोठी, तितकी कड जाड. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल, दुकानदाराला असतं. काडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल, तर त्यावरचे आकडे बघून सुरुवात करता येते. आजवर एकाही दुकानात हे मला कुणी सांगितलं नाही.

दुकानदार म्हणतील, "सर, गिऱ्हाईक आधी भाव विचारतं." खरं आहे. पण म्हणून बसते की नाही हे बघायचंच नाही?

चष्मा हा दागिना नाही, कामाचं हत्यार आहे. आसामात चहा खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचे चष्मे दिले, तर चष्मा नसलेल्यांपेक्षा त्यांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये हा अभ्यास छापून आला. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या, डाळ निवडणाऱ्या, सुईत दोरा ओवणाऱ्या बायांचं काय वेगळं आहे? पण त्यासाठी चष्मा नाकावर हवा, फडताळात नव्हे.

दुकानदारभाऊ, एवढंच करा. फ्रेम चढवली की मोबाईलवर फोटो काढा आणि जुना चष्मा घालून तो बघू द्या. मग खाली वाकायला सांगा. घसरली तर परत ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

असो. वहिनी सध्या दोऱ्याने बांधलेला जुना चष्माच वापरतात. सोमवारी पुन्हा जाणार आहोत, लहान फ्रेम घ्यायला. पैसे पुन्हा आमचेच. या वेळी मात्र मी गप्प बसणार नाही.