‘सर्वात महान गीतकार कोण?’ यादी आली की भांडण का पेटतं? क्रमवारी नेमकी ठरते कशी?

दर काही महिन्यांनी फीडवर एक ग्राफिक येतं. ‘आतापर्यंतचे १० महान गीतकार.’ साहिर पहिले असतील तर गुलजारप्रेमी चिडतात, गुलजार पहिले असतील तर शैलेंद्रचे चाहते येतात. मग कुणीतरी विचारतं, ‘आणि आनंद बक्षी कुठे आहेत?’ मराठी यादी असेल तर गदिमा आणि खेबुडकर यांच्यावरून दोन गट पडतात. दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात, पुढची यादी येईपर्यंत.

हा वाद नावांचा दिसत असला तरी मुळात तो मोजपट्टीचा आहे. कुणाला मोजायचं, कशावर मोजायचं आणि मोजणारे कोण, हे तीन प्रश्न सुटले की बरंचसं भांडण कळतं. काहीसं मिटतंही.

सगळ्यात गाजलेली यादी कोणती?

अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०१५ मध्ये १०० महान ‘सॉन्गरायटर्स’ची यादी काढली. पहिला बॉब डिलन, दुसरा पॉल मॅकार्टनी, तिसरा जॉन लेनन. त्यानंतर चक बेरी, स्मोकी रॉबिन्सन, मिक जॅगर-कीथ रिचर्ड्स, जेरी गॉफिन-कॅरोल किंग, पॉल सायमन, जोनी मिचेल आणि दहावा स्टिव्ही वंडर.

पहिल्या दहांत फक्त दोन स्त्रिया, त्यातली एक जोडीतली. आणि दहाही जागांवर इंग्रजीत लिहिणारेच. यादीच्या नावात मात्र ‘सर्वकालीन’ हा शब्द होता. जगातल्या बाकी भाषांत गाणी लिहिली गेली नाहीत असं कुणी म्हटलं नव्हतं. मोजणाऱ्यांच्या कानावर ती पडली नव्हती, एवढंच.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं आणि गाणं हे साहित्य आहे का, यावर जगभर चर्चा झाली. आपल्याकडे अनेकांना त्यात नवल वाटलं नाही. १९१३ मध्ये नोबेल मिळालेल्या रवींद्रनाथ टागोरांनी दोन हजारांहून जास्त गाणी लिहिली आणि त्यांना चालीही दिल्या होत्या.

गाणी तीच, मग क्रमांक का बदलतो?

कारण मत देणारे बदलतात. ‘रोलिंग स्टोन’च्याच दुसऱ्या दोन याद्या बघा.

२००३ च्या ५०० अल्बमच्या यादीत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० मध्ये मासिकाने नव्याने मतं मागवली. या वेळी ३०० हून जास्त कलाकार, पत्रकार आणि संगीतक्षेत्रातल्या लोकांनी मतं दिली. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर’ थेट २४ वर गेला.

गाण्यांच्या यादीतही हेच झालं. २००४ मध्ये डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ पहिलं होतं, २०२१ मध्ये ते चौथं झालं. पहिल्या जागी अरेथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ आलं.

या १७ वर्षांत डिलनच्या गाण्यातली एक ओळही बदलली नव्हती. बदललं ते मतदान करणाऱ्यांचं वय, वंश आणि आवड. म्हणून कुठलीही क्रमवारी आधी मतदारांबद्दल सांगते, गाण्याबद्दल नंतर.

यातली आणखी एक गंमत. ‘रिस्पेक्ट’ला आपण अरेथाचं गाणं म्हणतो, पण ते लिहिलं ओटिस रेडिंगने आणि आधी गायलंही त्यानेच. गाणं पहिलं आलं आणि लिहिणारा गायिकेच्या मागे उभा राहिला. ‘लताचं गाणं’, ‘किशोरचं गाणं’ म्हणणाऱ्या आपल्याला हे अनोळखी वाटू नये.

‘सॉन्गरायटर’ म्हणजे आपला गीतकार का?

नाही, आणि इथेच सोशल मीडियावरच्या तुलना घसरतात. इंग्रजीतला सॉन्गरायटर बहुतेक वेळा शब्द आणि चाल दोन्हींचा मालक असतो. डिलन, जोनी मिचेल आणि पॉल सायमन तर स्वतः गातातही. आपल्या चित्रपटगीतात काम वाटलेलं असतं: शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आवाज गायकाचा.

त्यातही अनेकदा चाल आधी तयार असते. गीतकाराला त्या मीटरमध्ये, पडद्यावरच्या प्रसंगात बसणारे, गायकाच्या तोंडात सहज येणारे शब्द द्यायचे असतात. वहीत कविता लिहिणं आणि हे काम यांत फरक आहे. म्हणून ‘डिलन मोठा की साहिर’ हा सामना अर्ध्या संघाविरुद्ध पूर्ण संघ उतरवल्यासारखा आहे.

मराठीत गुंता आणखी वाढतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या ‘गीतरामायणा’त ५६ गीतं होती, शब्द गदिमांचे आणि चाली सुधीर फडक्यांच्या. यातलं श्रेय वेगळं कसं काढणार? दुसरीकडे सुरेश भट, आरती प्रभू, ग्रेस यांच्या कविता पुढे गाणी म्हणून घराघरात पोचल्या. मग त्यांना गीतकार म्हणायचं की कवी? यादी करणारा हे ठरवत नाही, सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतो.

संख्या बघायची की पुरस्कार?

संख्या बघितली तर समीर अंजान यांना तोड नाही. डिसेंबर २०१५ पर्यंत ६५० चित्रपटांत ३,५२४ गाणी, अशी नोंद गिनेस बुकात आहे. पण ‘महान’ म्हटल्यावर किती जण त्यांचं नाव पहिलं घेतात?

पुरस्कार बघितले तरी चित्र सरळ नाही. साहिर यांना ‘फिल्मफेअर’ दोनदाच मिळालं. मजरूह सुलतानपुरींना तर एकदाच, पण दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले गीतकार ठरले. आनंद बक्षींना सुमारे ४० नामांकनं मिळाली आणि पुरस्कार चार. गुलजारांकडे ऑस्कर आहे, फाळके आहे आणि २०२३ साठीचा ज्ञानपीठही. शैलेंद्र १९६६ मध्ये अवघ्या ४३ व्या वर्षी गेले. ते आणखी वीस वर्षं लिहीत असते तर यादी कशी दिसली असती, हे कुठल्या रकान्यात मांडणार?

तिसरी मोजपट्टी टिकाऊपणाची. पन्नास वर्षांनीही लग्नात, प्रवासात, गणपतीच्या मांडवात जे गाणं आपोआप ओठावर येतं, ते मोठं. ही मोजपट्टी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. पण आज लिहिणाऱ्यांवर ती अन्याय करते, कारण त्यांची पन्नास वर्षं अजून व्हायची आहेत.

यादीत न आलेले कुठे जातात?

यादीत नाव यायचं तर आधी ते लोकांना माहीत असावं लागतं. शांता शेळके यांनी काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या पुरुषी टोपणनावाने लिहिली. ‘मराठा तितुका मेळवावा’मधलं ‘रेशमाच्या रेघांनी’ त्यातलंच. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या मोजणीत शांताबाईंची ही गाणी दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जातात.

वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गाणी लिहिली. जयंत्यांच्या कार्यक्रमांतून आणि वस्त्यावस्त्यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात. पण ‘मराठीतले लोकप्रिय गीतकार’ म्हटलं की बहुतेक याद्या चित्रपट आणि भावगीतापाशी थांबतात. लोकप्रिय म्हणजे नक्की कोणत्या लोकांना प्रिय, हा प्रश्न तिथे उघडा पडतो.

आणि जात्यावरच्या ओव्यांचं काय? ‘पारी’ या संकेतस्थळाच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. गाणाऱ्या बायकांची नावं तिथे आहेत, पण ती ओवी पहिल्यांदा कुणी रचली, हे बहुतेकदा कुणालाच सांगता येत नाही. या रचनाकार बायका कुठल्याच टॉप टेनमध्ये कधीच येणार नाहीत.

हा नुसता चाहत्यांचा वाद आहे का?

नाही. नावाचा संबंध पैशाशी आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालानंतर चित्रपटगीताच्या हक्कांवर निर्मात्याचं पारडं जड राहिलं. गीतकाराला एकदाच ठरावीक रक्कम मिळायची. पुढे गाणं कितीही वाजलं तरी त्याच्या हाती बहुधा काही नवं यायचं नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाणं वापरलं गेलं तर रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा वाटा आला आणि तो हक्क करारात लिहून काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. त्या वेळी राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांनी यासाठी मोठा पाठपुरावा केला होता.

कायदा आला तरी नाव दिसण्याची लढाई संपली नाही. आकाशवाणीवर गाण्यासोबत गीतकाराचं नाव सांगावं, असा आग्रह साहिर यांनी धरला होता. त्यानंतर काही दशकांनी, २०२० मध्ये स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोवर, कौसर मुनीर अशा गीतकारांना ‘क्रेडिट दे दो यार’ म्हणत गाणंच काढावं लागलं. मागणी साधी होती: अ‍ॅपवर आणि व्हिडिओखाली आमचं नाव लिहा.

मग पुढची यादी दिसली तर काय करायचं?

भांडा, बिनधास्त भांडा. अशा वादातूनच एखादं विसरलेलं गाणं पुन्हा ऐकलं जातं. फक्त शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. यादी शब्दांची आहे की शब्द-चाल दोन्हींची? मतं कुणी दिली, की ग्राफिक बनवणाऱ्याने एकट्यानेच ठरवलं? आणि कोणत्या भाषेतले, कोणत्या काळातले लोक मुळात विचारातच घेतलेले नाहीत?

आणखी एक छोटी गोष्ट. पुढच्या वेळी आवडतं गाणं स्टेटसला ठेवाल, तेव्हा गायकाच्या शेजारी लिहिणाऱ्याचंही नाव टाका. माहीत नसेल तर शोधा. पहिला की पाचवा हे नंतर ठरवू. ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, त्याला कुठलीच यादी क्रमांक देऊ शकत नाही.